तिसऱ्यांदा विचारल्यावर

नोकरीच्या पहिल्या दिवशी सिस्टरांनी माझं नाव विचारलं नाही, माझं मनगट धरलं. हातातलं मोठ्या काट्याचं पुरुषी घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन पूर्ण एक मिनिट मोजलं आणि म्हणाल्या, "ब्याण्णव. सकाली काय खाल्लं न्हाय तू." खरंच खाल्लं नव्हतं, धास्तीने घास उतरला नव्हता. त्यांनी पिशवीतून डबा काढला, तांदळाची भाकरी आणि सुकट माझ्यापुढे सरकवली आणि समितीच्या अध्यक्षांना बजावलं की ही जेवेपर्यंत कामाला हात लावणार नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवी नोकरी, इस्त्रीची साडी, आणि ऑफिसभर सुकटीचा वास.

आमचं ऑफिस म्हणजे भिवंडीतल्या एका बालगृहाला लागून असलेल्या दोन खोल्या. हरवलेली, पळून आलेली किंवा आईबाप पकडले गेल्यामुळे मागे उरलेली मुलं इथे आणत. त्यांना इथेच ठेवायचं, कुणाच्या ताब्यात द्यायचं, की परराज्यात किंवा अगदी देशाबाहेर पाठवायचं, हे चौघांची एक समिती ठरवायची. सिस्टर त्या चौघांतल्या एक. मी कंत्राटी टायपिस्ट. मराठी टायपिंगला पहिली, बी.ए.ला मराठीत फर्स्ट क्लास, आणि त्याचा तोरा असा की कोन गावाहून रिक्षाने येताना दुकानांच्या पाट्यांतल्या चुका मोजायची. नाकाने कांदे सोलणं म्हणतात ते हेच.

सिस्टर वळ गावच्या. आयुष्यभर आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. वळ, पूर्णा आणि आसपासच्या गावांतली अर्धी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे कुठल्याही गोदामाच्या गेटवर वॉचमन त्यांना सलाम ठोकायचा आणि त्या विचारायच्या, "आई कशी हाय रं तुझी?" भावाच्या आणि त्यांच्या भातशेतीवर आता गोदाम उभं होतं. तीन मजली बंगला होता, गाडी होती, पण सिस्टर यायच्या टमटमने. निवृत्त झाल्यावर पांढरी साडी सोडली ती कायमचीच, मग रोज पोपटी नाहीतर राणी रंग. त्या कधी खुर्चीत बसायच्या नाहीत. मूल समोर आलं की चपला काढायच्या, फरशीवर मांडी घालायच्या आणि आधी नाडी बघायच्या.

नाडी सगळ्यांचीच बघायच्या. एकदा एक पोलीस अधिकारी आमच्यावर ओरडायला लागला, की दोन दिवसांत चाळीस माणसं उचललीत, त्यांची पोरं तुमच्याकडे आहेत, तुम्ही कागद का अडवून ठेवता. सिस्टर उठल्या आणि त्याचं मनगट पकडलं. तो हात सोडवतोय, ह्या सोडत नाहीत. पूर्ण मिनिट मोजलं. मग म्हणाल्या, "एकशेवीस. साहेब, पानी घ्या, बसा." आणि तो खरंच बसला की हो! पुढे कधी आला की दारातूनच हात पुढे करायचा.

मुलाला त्या नाव विचारत नसत, वय विचारत नसत, गाव तर नाहीच. ते सगळं पोलिसांनी विचारून झालेलं असतं, म्हणायच्या. त्या विचारायच्या, सकाळी तुला उठवतं कोण? केस कोण विंचरतं? ताप आला की कोणाजवळ झोपतोस? अध्यक्ष वैतागायचे. अध्यक्ष सज्जन माणूस, निवृत्त मुख्याध्यापक, पण त्यांना रकाने भरलेले लागत. मूळ गाव हा रकाना रिकामा दिसला की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. सिस्टर त्यांना सांगायच्या, "कुठली हाय ते सरकारला पायजे. मना कोनाची हाय ते पायजे."

आणि त्यांचा एक नेम होता. कुणाकडे जायचंय हे मुलाला तीनदा विचारायचं, तीन वेगळ्या दिवशी. एकदा आल्या आल्या, एकदा पोटभर जेवल्यावर आणि एकदा दुपारची झोप काढून उठल्या उठल्या. उपाशी पोर पोटाचं बोलतं, जेवलेलं पोर भिडेनं बोलतं, झोपून उठलेलं पोर खरं बोलतं, असं त्यांचं म्हणणं. त्याआधी कितीही घाई असो, सही करायच्या नाहीत. बाहेर गाडी उभी आहे, परराज्यातून न्यायला आलेले लोक ताटकळलेत, आणि आमच्या सिस्टर मुलीच्या उशाशी पंखा घेऊन बसल्यात, ती कधी उठते म्हणून. मी मनातल्या मनात बोटं मोडायची. खोटं कशाला बोलू, बाई अर्धवट आहे असंच मला वाटायचं.

एकदा चारेक वर्षांची एक मुलगी स्टँडवर सापडली. बोलेना. दोन-चार शब्द पुटपुटली ते तेलुगूसारखे वाटले, म्हणून तिला तिकडच्या संस्थेत पाठवायचं ठरलं, फाइलही तयार झाली. बालगृहाच्या मागच्या भिंतीला लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने होते. खडखडाट असा की आम्ही फोनवर ओरडून बोलायचो, आणि ही मुलगी त्यात ढाराढूर झोपायची. शुक्रवारी लूम बंद. त्या दुपारी सगळी मुलं निवांत झोपली आणि ही एकटी दचकून उठून रडायला लागली. सिस्टरांनी लगेच फाइलवर हात ठेवला. ही लूमच्या भिंतीला लागून झोपणारी पोर आहे, म्हणाल्या, हिला तेलंगणात कुठे पाठवताय? कारखान्यांमागच्या गल्ल्यांत माणूस फिरवला, दोन दिवसांत आई सापडली, तेलुगूच, पण इथल्याच लूमवर कामाला. ती बिचारी दुसऱ्याच चौकीत खेपा घालत होती.

सिस्टर आपली टिपणं शाळेच्या वहीत लिहायच्या, बोलतात तशीच. ती टाइप करून अहवालाला जोडणं माझं काम. त्या मुलीच्या अहवालात मी जसंच्या तसं घातलं होतं, "शुक्रवारी झोपली न्हाय. म्हनून भिवंडीची हाय." तो कागद वरच्या ऑफिसात गेला आणि तिथे हशा पिकला. कुणीतरी फोन करून अध्यक्षांना चिडवलं, की तुमच्याकडे पुरावा म्हणून शुक्रवार चालतो वाटतं. अध्यक्षांचा चेहरा पडला. मला बोलावून ते चांगल्या शब्दांत म्हणाले, "तुम्ही मराठीत फर्स्ट क्लास ना? मग सिस्टरांचं जरा सुधारून घालत जा."

मला काय, आयतंच हवं होतं. मी सुधारायला लागले. "पोरगी जेवली पन निम्मा भात बाजूच्या बारक्याला भरवला" याचं मी करायची "बालिकेचा आहार समाधानकारक असून इतर बालकांशी वर्तन सौहार्दपूर्ण आहे." सिस्टरांना वाचून दाखवलं की त्या मान डोलवायच्या. "तू लई शिकलेली हाय बाय," म्हणायच्या. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

मग ती मुलगी आली. नऊ वर्षांची, दोन वेण्या, आणि मारकुट्या मास्तरांच्या वर्गात बसल्यासारखी ताठ. तिची आई एका कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे लूमच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. बाप कधीच सोडून गेलेला. बिनकागदाच्या लोकांच्या धरपकडीची पोलीस मोहीम निघाली, त्यात आई पकडली गेली. कागद नव्हते. चौकशीत तिने स्वतःच कबूल केलं की आपण सीमेपलीकडच्या, लग्न होऊन इकडे आलो. तिला शिक्षा झाली, काही महिने तुरुंगात काढून झाले की तिला परत पाठवणार हे ठरलेलं. मुलगी मात्र इथलीच, भिवंडीतच एका खोलीत जन्मलेली, शेजारणीच्या हातावर. नोंद कुठेच नाही. ती आईबरोबर जाणार की इथे राहून शिकणार, एवढंच समितीला ठरवायचं होतं.

सिस्टर तुरुंगात जाऊन आईला भेटून आल्या. आईने काही मागितलं नाही. सरकारी शाळेत पोरगी तिसरीत पहिली आली होती, तिकडे आपल्याला घर आहे की नाही हेही तिला धड माहीत नव्हतं. ती सिस्टरांना एवढंच म्हणाली, "वो जो बोलेगी, वही." नऊ वर्षांच्या पोरीवर तिने सगळं सोडलं होतं. सिस्टर परत आल्या तेव्हा पायरीवर बराच वेळ बसून राहिल्या. मी चहा दिला तो तसाच निवला.

त्यांनी त्या मुलीला तीनदा विचारलं. तिसऱ्या दिवशी दुपारी विचारून झालं आणि तासाभरात वळहून फोन आला की भाऊ गेला. सिस्टरांच्या पाठचा एकच भाऊ. त्या वही माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "हे जसंच्या तसं टाइप कर. मी तेराव्यानंतर येते, मग सही करू." आणि गेल्या. आठव्या दिवशी निरोप आला की आईला न्यायची तारीख अलीकडे आलीय, मुलीबद्दलचा निर्णय दोन दिवसांत पाहिजे. मी सिस्टरांना फोन करायला हवा होता. घरात सुतक, त्यात कुठे त्रास द्यायचा, असं स्वतःशीच म्हणून मी टाइप करायला बसले.

वहीत होतं ते मला आजही पाठ आहे. पहिला दिवस: "इचारलं. म्हनली, शाला आवडते, इथंच राहीन. उपाशी होती." दुसरा दिवस: "जेवली. इचारलं. गप राहिली. अर्धी चपाती फ्रॉकात लपवली, अम्मी आली की तिला, म्हनली." तिसरा दिवस: "झोपून उठली. इचारलं. अम्मी के पास. दोनदा बोलली." आणि खाली, "पोर भिवंडीची हाय यात वाद न्हाय. पन ती आईची हाय. तिला आईसंगट पाठवा."

मी ते वाचलं आणि माझ्यातली फर्स्ट क्लास जागी झाली. एका अहवालात तीन दिवसांची तीन उत्तरं कशी चालतील? विसंगती दिसते. वरचे पुन्हा हसतील. शिवाय मलाही मनापासून वाटत होतं, हेही सांगते, की पोरगी हुशार आहे, इथे शाळा आहे, दोन वेळचं जेवण आहे, तिकडे कुठल्या चिखलात जाणार? तेव्हा मी त्यातलं स्वच्छ, पूर्ण वाक्य असलेलं उत्तर घेतलं. "बालिकेस शिक्षणाची आवड असून तिने येथेच राहण्याची स्पष्ट इच्छा व्यक्त केली आहे. आहार समाधानकारक. काटकसरीची सवय दिसून येते." चपातीचं मी काटकसर केलं. शेवटच्या ओळी गाळल्या, कारण शिफारस करणं समितीचं काम, एकट्या सदस्याचं नाही.

समितीने मुलीला दोन मिनिटांसाठी आत बोलावलं. अध्यक्षांनी प्रेमाने विचारलं, "शाळा आवडते ना बाळ?" तिने मान हलवली. अहवालाशी ते जुळलं. तिघांनी सह्या केल्या, कोरम पूर्ण होता. सगळी चांगली माणसं होती, कुणाच्याही मनात पाप नव्हतं. दोन दिवसांनी आईला नेलं.

सिस्टर चौदाव्या दिवशी आल्या. आल्या आल्या बालगृहात गेल्या, मुलगी अजून तिथेच बघून ऑफिसात आल्या आणि फाइल मागितली. चष्मा लावून त्यांनी माझा कागद वाचला. मग मला म्हणाल्या, "वही वाच." मी वाचली. तिसऱ्या दिवसापर्यंत येऊन मी वही मिटायला गेले, त्यांनी थांबू दिलं नाही, शेवटपर्यंत वाचून घेतलं. त्या ओरडतील असं मला वाटलं होतं. मी तर वाट बघत होते. त्या म्हणाल्या, "माझी चूक. पोराचं बोलनं मी दुसऱ्याच्या हातात ठेवून गेले." आणि अध्यक्षांच्या समोर, वरच्या ऑफिसात, जिथे जिथे विचारलं तिथे त्यांनी तेच सांगितलं. माझं नाव कुठेच घेतलं नाही. पण त्यानंतर त्यांनी माझी नाडी कधी बघितली नाही.

पुढचं दीड वर्ष त्या अर्ज करत फिरल्या. मुंबई झाली, दिल्लीला दोनदा जाऊन आल्या, आणि प्रत्येक अर्ज त्या मला टाइप करायला द्यायच्या, समोर बसून, शब्दन् शब्द बघत. आईचा पत्ता म्हणजे एका गावाचं नाव, आणि त्या नावाची तिकडे म्हणे कितीतरी गावं. पलीकडून उत्तर आलं की ही मुलगी आमची नागरिक असल्याचा पुरावा द्या. जन्म भिवंडीत, नोंद नाही, पुरावा आणायचा कुठून? इकडे विचारलं तर इकडचे म्हणत, आई परदेशी, मग मुलगी आमची कशी? आईच्या हाताला धरून त्याच दिवशी गेली असती तर कुणी काही विचारलं नसतं. एकटीला पाठवायला मात्र दोन्ही बाजूंचे कागद हवेत आणि ते एकाही बाजूला नव्हते. भिवंडीत हजारो बाळंतपणं केली, हिच्याच वेळी मी कुठे उलथले होते, असं सिस्टर एकदा कपाळाला हात लावून म्हणाल्या.

समितीची मुदत संपली तरी त्या दर आठवड्याला त्या मुलीकडे जायच्या. तिच्या वेण्या घालायच्या, पाढे म्हणून घ्यायच्या. तिच्या नादाने स्वतः थोडं हिंदी नीट बोलायला शिकल्या. एकदा गेटवर माझी गाठ पडली तेव्हा मी विचारलं, तुम्ही तिला सांगितलंत का, त्या दिवशी काय झालं ते? त्या म्हणाल्या, "सांगायचं ते तुझं हाय. माझं न्हाय." पुन्हा हा विषय त्यांनी काढला नाही. पण पुढे चार वर्षं, जेव्हा जेव्हा भेटायच्या, तेव्हा आधी माझ्या तोंडाकडे बघायच्या, सांगितलं का म्हणून. मी नजर चुकवायची. मग त्या मुलांबाळांची चौकशी करायच्या, डब्यातलं काहीतरी हातावर ठेवायच्या आणि टमटम पकडायच्या. शेवटी साखरेने पाय गेला, मग सगळंच गेलं. त्यांना खांदा द्यायला गोदामांतले हमाल आले होते. मी स्मशानाच्या बाहेर उभी होते आणि रडत होते. शेजारच्या बाया म्हणाल्या, किती जीव होता हिचा सिस्टरांवर. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्या असताना सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? नोकरी गेली असती? ती तशीही कंत्राटी होती, पुढच्याच वर्षी गेली. मला त्या पोरीच्या डोळ्यांची भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

सिस्टर गेल्यावर त्यांच्या ठरलेल्या वारी मी त्या मुलीकडे जायला लागले. मुलगी आता दहावीत आहे. माझ्याशी मराठीत बोलते, माझ्याहून चांगलं. मागच्या महिन्यात शाळेने निबंध दिला होता, माझी आई, आणि तिने कोरा कागद दिला म्हणून बाईंनी तक्रार केली होती. आवारातल्या बाकावर बसलो होतो, दुपार होती. मी विचारलं, लिहिलं का नाहीस गं. ती पायाने माती उकरत म्हणाली, "काय लिहिणार? मीच म्हणाले होते ना, शाळा आवडते, इथेच राहीन. कागदावर तसंच लिहिलंय. आईला सोडलं ते मीच."

सहा वर्षं ती हे एकटी घेऊन बसली होती. मला बसवेना. मी उभी राहिले आणि सांगून टाकलं, सगळं. तीनदा विचारलं होतं, तिसऱ्यांदा तू अम्मी के पास म्हणालीस, दोनदा म्हणालीस, सिस्टरांनी ते लिहून ठेवलं होतं आणि मी ते टाइप केलं नाही. चपातीचंही सांगितलं.

तिने माझ्याकडे बघितलं. तिला राग आला होता की हलकं वाटलं होतं, मला कळलं नाही. तिने हिंदीत विचारलं, "अम्मी को क्या बताया था?"

हे मी सिस्टरांनाही कधी सांगितलं नव्हतं. आईला न्यायला गेलेली महिला पोलीस नंतर कागद द्यायला ऑफिसात आली होती, तिने सांगितलं होतं. आईला आदेश वाचून दाखवला तेव्हा ती रडली नाही. तिने एकच विचारलं, "उसने खुद बोला?" आणि ती पोलीस तिला म्हणाली होती, हो, खुद बोला, हे बघ लिहिलंय. मग आईने अंगठा दिला.

मी ते मुलीला सांगितलं. आतून जेवणाची घंटा झाली तरी उठली नाही.

"म्हणजे अम्मीला अजून तसंच वाटत असेल," ती म्हणाली.

मी हो म्हणाले.